जिन्याचं पान

दापोडे, ४ फेब्रुवारी २००९

कुणालदादा,

तो कावळा मी आणला होता.

आधी तेच लिहून टाकतो, न्हायतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कागद भरून जाईल. तुझ्या भावाच्या, भावेशच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, हे उन्नतीनं तुला कळवलं असेल. शिवला खरा. पण भावेशचं ऐकून न्हाय, बोंबलाच्या वासानं. पिंडाच्या पानाखाली सुक्या बोंबलाचा तुकडा मी सरकवला.

मी विठू. भावेशच्या जोडीला गोडाऊनला असायचो तो, वाड्याकडचा. तू घर सोडायच्या आधी एकदा तुझ्या हेल्मेटमधून जिवंत चिंबोरी निघाली होती, ती ठेवणारा मी. भावेशला माहीत होतं, पण त्यानं तुला कधी माझं नाव सांगितलं न्हाय. मी फोन लावला की तू आवाज ऐकून कट करतोस, म्हणून पत्र. पत्ता उन्नतीनं दिला. सिल्वासाला कंपनीच्या पत्त्यावर पत्र हातात पडतं का रद्दीत जातं, देव जाणे.

तर नदीवर काय झालं ते सांगतो. भटजींनी पिंड ठेवला, सगळे लांब झाले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली उतरेना. मग बोलायला सुरुवात झाली. तुझा मामा बोलला, उन्नतीचं लग्न आम्ही धूमधडाक्यात लावू. कावळा न्हाय. कोण बोललं, तुझ्या आईला काय कमी पडू देणार न्हाय. न्हाय. तुझ्या चुलत्यानं तर मोबाईलचं पण कबूल केलं, की त्याचा मोबाईल कोण वापरणार न्हाय म्हणून. कावळे आपले पंख खाजवत बसलेले. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तशी तुझ्या आईनं, राहीकाकीनं त्यांचा हात धरला. बोलली, "थांबा. माजा पोर रुसलाय. येल तो."

तिचं तोंड बघवेना दादा. माझ्या खिशात गोडाऊनच्या मांजरीसाठी ठेवलेला बोंबील होता. मी पान वाऱ्यानं उडतंय असं करून पुढं गेलो, पान नीट करता करता तुकडा आत ढकलला, आणि नुसतं उठलो तर लोकांना डाऊट येईल म्हणून मोठ्यानं बोललो, "भावेश, तुझं कम्प्युटरवालं घर मी पुरं करतो, जा." तोंडात आलं ते बोललो. एवढं बोलून मागं सरकलो न सरकलो, दोन कावळे उतरले.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काकी खाली बसली आणि मला हात जोडले तिनं. मला. ज्याला लोकं धामणकर नाक्यावर बघून आपल्या चपला उचलून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून गोडाऊनला हजर. चेहऱ्यावर काय न्हाय. एवढंच बोलली, "कुटं हाय ता घर? दाव मना."

आता मी काय करू ते सांग.

विठू

दापोडे, ११ फेब्रुवारी २००९

दादा,

तुझं उत्तर न्हाय आलं. बरं. मी लिहितो.

कसलं घर ते तुला कळलं नसेल. आमच्या तुळशीरामशेठकडं खेळण्याचे ब्लॉक येतात, प्लास्टिकचे, एकात एक बसणारे, वर बटणं असतात ते. पोरं त्याची गाडी करतात, हत्ती करतात. दोन वर्षांमागं पावसात पत्रा गळला आणि डब्यातली सगळी चोपडी भिजली, कुठला ब्लॉक कुठं लावायचा त्याची. चोपडी न्हाय तर माल कोण घेणार? शेठ डोकं धरून बसला होता. तेव्हा भावेशनं नेटवरून फुकटचा प्रोग्राम काढला. त्याच्यात ब्लॉक पडद्यावर जोडायचे, मॉडेल झालं की प्रोग्राम त्याची पानं पाडतो. या पानावर हे ब्लॉक, पुढच्या पानावर ते, जसे लावलेत त्या नंबरानं. अक्षर एक न्हाय, नुसती चित्रं. शेठनं भावेशला हमालीतून उचलून खुर्चीवर बसवला.

मला पण काम मिळालं. अडाणी टेस्टिंग. नाव शेठनं ठेवलं. पान छापलं की माझ्यासमोर टाकायचं, मला जमलं तर जगात कुठल्या पण पोराला जमेल. मी पण सरळ न्हाय. एकदा हत्तीच्या पानांत सोंड मागं आणि शेपूट पुढं करून ठेवलं. भावेश दिवसभर हसला, मग गुपचूप नीट केलं.

भावेशच्या खऱ्या कामाच्या मागं एक फाइल होती, ती शेठला माहीत नव्हती. तुमचं नवीन घर. टेमघरला मागच्या वाडीत तुझे बाबा, केसरीकाका बांधणार हायत ते. प्लॅन कागदावर काढण्यापेक्षा तो ब्लॉकनंच काढत होता. अर्धं राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी तो इथूनच निघाला आणि बायपासला त्या कंटेनरनं त्याला घेतलं.

काकी समोर बसली तेव्हा मी ती फाइल पहिल्यांदा उघडली. आता नीट ऐक. पडद्यावर घर दिसतं ते पुरं दिसतं. पण पानं पाडायला घेतली की प्रोग्राम एकेक ब्लॉक दाखवतो, त्यानं ज्या नंबरानं लावले त्याच नंबरानं. मी बटण दाबलं. पडदा मोकळा. पुन्हा दाबलं, एक ब्लॉक आला. पुन्हा दाबलं, दुसरा. दादा, मला असं वाटलं, तो मागं उभा राहून लावतोय. ओट्याचे ब्लॉक लावता लावता मध्येच अंगणात तुळस येते, मग परत ओटा. म्हणजे ओटा करताना त्याला काकी आठवली. पडवीच्या पायऱ्या येतात, त्या सगळ्या बुटक्या, कारण काकांचा गुडघा वळत न्हाय. माणूस गेला, पण त्याचं डोकं कुठून कुठं जात होतं ते तसंच्या तसं राहिलंय.

आणि सगळ्यात पहिलं काय लावलंय त्यानं? जमीन न्हाय, पाया न्हाय. वरची खोली. नुसती खोली, हवेत. खाली काय न्हाय. पडद्यावर चालतं, तिथं ब्लॉक पडत न्हाय. आत एक खाट, खिडकी, आणि फळीवर पिवळा कप.

काकीनं कप बघितला आणि लगेच वळखला. तुझा कबड्डीचा.

मी बोललो, काकी, नंबर बदलून देतो, आधी खालचं घर, मग वरची खोली, म्हणजे तुम्हाला बांधायला सोपं. बोलली, नको. "त्यानं जसा केलाय तसाच पायजे. तू कबूल केलंस त्याला."

मी पानं छापली. शेठच्या मालातले ब्लॉक निवडून दिले, ते चोरीच म्हण. काकी रोज तिन्हीसांजेला बसते. पहिलं पान उघडते, खोली जोडते, आणि चित्रात जेवढी उंच दाखवलीय तेवढी डाव्या हातानं हवेत धरून ठेवते. उजव्या हातानं खालचं घर बांधते, उन्नती ब्लॉक हातात देते. मी स्टीलचा गिलास आणला, बोललो खोली याच्यावर टेकवा. तर मला विचारते, "चित्रात गिलास हाय का?"

न्हाय ना. मग हात तसाच.

विठू

दापोडे, २० फेब्रुवारी २००९

दादा,

मला भीती वाटते हे कुणाला सांगता येत न्हाय. माझ्या तोंडून ऐकलं तर लोकं हसतील, विठूचा नवीन डाव बोलतील. तुला सांगतो, तू बोलतच न्हायस.

एक कावळा हाय. गोडाऊनच्या खिडकीच्या पत्र्यावर येऊन बसतो. मी फाइल उघडली की येतो, असं न्हाय म्हणत, पण उघडली की तो असतोच. मी बोंबील टाकला. त्यानं बघितला पण न्हाय. चपाती टाकली, न्हाय. काल तर शेठच्या डब्यातलं मटण चोरून टाकलं. मांजरीनं खाल्लं, तो तसाच बसलेला. मी त्याला बोललो, बाबा, एकदा फसलास, आता वसुलीला आलायस का? त्यानं मान वाकडी केली.

आणि भावेशची खुर्ची. खालचा दांडा खराब हाय, माणूस बसला की फुस्स करून खाली जाते. मंगळवारी दुपारी मी मशीनजवळ पानं मोजत होतो, खुर्चीवर कोण नव्हतं, आणि ती फुस्स झाली. शेठ बोलला गॅस गेला असेल. असेल.

आता घरचं ऐक. चंद्रा मिस्त्री आला होता. वाडीत चुन्यानं आखणी केली, हा हॉल, हे किचन. मग काकांना विचारलं, वरती चढवायचं का? चढवायचं असेल तर जिन्याचे कॉलम पायातच धरायला लागतात, मागाहून होत न्हाय. पाडव्याला पाया भरायचा ठरलाय.

काका बोलले, "वर कोन ऱ्हानार हाय?"

चंद्रानं चुन्याचं घमेलं उचललं. आत काकी बसलेली, हातात खोली. तिनं ऐकलं, पण हात खाली न्हाय केला.

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. भावेश गेल्यापासून त्यांचं बोलणं चहा पायजे न्हाय तर नको, एवढंच उरलंय. तुझं नाव तर घरात दोन वर्षं बंद हाय. तू त्यांना ढकललंस आणि ते ओट्यावरून पडले, ते मी तिथं नव्हतो बघायला, पण गुडघा तेव्हापासून वळत न्हाय हे सगळ्या टेमघरला माहीत हाय. आणि ते तुला काय बोलले, मला मेलास, ते पण माहीत हाय. भावेश सांगायचा, जमीन इकायची का न्हाय याच्यावरून बाप-लेक मारामारीवर आले, दोघांचं पण थोडं थोडं बरोबर होतं. गेल्या महिन्यात तू दहाव्याला येऊ नये म्हणून त्यांनी निरोप धाडला, तू आला न्हायस, ते पण माहीत हाय. मी तुला चूक बरोबर सांगायला न्हाय बसलो.

तर काका उभे राहिले. हवेतल्या खोलीकडं बघून काकीला विचारलं, "ही कोनाची?"

काकी ब्लॉक लावत होती, वर न बघता बोलली, "कप ज्याचा हाय त्याची."

काका बाहेर निघून गेले. जेवायला आले न्हायत. उन्नतीनं ताट झाकून ठेवलं.

घर बांधून होतं ते कसं होतं सांगू? खालचा मजला होतो. छप्पर होतं. तुळस होते. शेवटचं पान येतं आणि छपराच्या वर, काकीचा हात आणि हातात खोली. मध्ये जागा. त्या जागेचं पान न्हाय. भावेशनं तिथं काय लावलंच न्हाय. काकी थोडा वेळ तशीच बसते, मग सगळं उलगडते, ब्लॉक डब्यात, खोली देव्हाऱ्यात त्याच्या फोटोजवळ. उद्या पुन्हा पहिल्या पानापासून. खांद्याला सूज आलीय तिच्या. डॉक्टर बोलला हात वर करू नका. ती बोलते, खोली ठेवली न्हाय कुठं, तवर पोर माजा असाच लटकलेला.

म्हणजे मी एक बोंबील सरकवला, आणि तिचा पोर तिच्या हातात लटकलाय.

विठू

दापोडे, ३ मार्च २००९

दादा,

मी एक डाव केला. फसला.

मधल्या जागेचं पान मीच पाडलं. मला प्रोग्राम येतो थोडा, बघून बघून शिकलो. खोलीखाली चार खांब लावले, आतून जिना काढला, छान पान छापलं, भावेशच्या पानांच्या मापाचं. थोडं मळवलं पण, जुनं दिसायला. उन्नतीला पण सांगितलं न्हाय. गेलो आणि बोललो, काकी, जादू झाली, हे पान प्रिंटरच्या मागं पडलेलं सापडलं. भावेशनं जिना केलाय.

काकीनं पान डोळ्याजवळ घेतलं. खांब लावले. जिना लावला. खोली अजून हातातच. आता खाली ठेवेल म्हणून मी पुढं सरकून बसलो. दादा, मला वाटलं आज मी सुटलो, आणि तो पण.

तिनं जिन्याच्या पायरीवरनं बोट फिरवलं. मग पडवीच्या पायरीवरनं. परत जिन्याच्या. बोलली, "ही त्याची नाय."

मी बोललो कशावरून.

"बापसाचा गुडघा." एवढंच. माझ्या पायऱ्या उंच होत्या. भावेशनं घरात एक उंबरा पण उंच केलेला न्हाय, ते मी पहिल्या पत्रात न्हाय तर दुसऱ्यात तुला लिहिलंय, आणि पान पाडताना माझ्याच डोक्यातून गेलं. काकीनं माझे खांब एकेक करून काढले, माझ्या हातात दिले. ओरडली न्हाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उन्नतीला बोलली, विठूला चहा टाक.

घरी येताना सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, विसरलो नव्हतो. तुझ्यापासून लपवत होतो. आता लिहितो.

तो गेला त्या दिवशी दुपारी मी भावेशला विचारलं होतं, खोली हवेत का ठेवलीस, जिना टाक ना. तो बोलला, "दादाला विचारल्याशिवाय न्हाय टाकणार. आतून पायजे का बाहेरून, ते त्यानं सांगायचं." मला कळलं न्हाय. मग त्यानं समजावलं. जिना आतून काढला तर दादाला बाबांच्या समोरून जायला लागणार, रोज. बाहेरून काढला तर दादा आपला येईल, जाईल, कुणाचं तोंड बघायला नको. त्याला कसं पायजे ते तो सांगेल. दोघं एका घरात झोपले म्हणजे झालं, बाकी मी बघतो. असं बोलला आणि माझ्यासमोर त्यानं तुला फोन लावला.

तू कट केलास. त्यानं फोन खिशात टाकला, बोलला, ड्युटीवर असेल, उद्या करतो.

हे तुला टोचायला न्हाय लिहिलं. तुला कळलं असतं तर तू उचलला असतास. मी पण रोज फोन कट करतो लोकांचे, त्यात काय.

पण आता तू नदीवरचं नीट बघ. मामा बोलला, चुलता बोलला, सगळे बोलले. तुझं नाव कोणी घेतलं न्हाय, कारण काका तिथं उभे होते. भटजी दर्भाचा कावळा वळत होते आणि काकीनं त्यांचा हात धरला. कशाला धरला? मला वाटलं ती हट्ट करतेय. दादा, तिचं तोंड उघडलं होतं. ती बोलणार होती. ती सगळ्या गावासमोर, काकांसमोर, तुझं नाव घेणार होती. आणि मी मध्ये घुसलो. बोंबील सारून, घर पुरं करतो म्हणून ओरडलो. कावळा उतरला, सगळे उठले, तिचं तोंड बंद झालं.

एवढा दीडशहाणा मी. एक मिनिट थांबलो असतो.

विठू

टेमघर, १३ मार्च २००९

दादा,

हे तुमच्या जुन्या घराच्या पडवीत बसून लिहितोय, पायरीवर. शिमगा झाला. तुमच्याकडं होळी लागली, पण यंदा घरात पुरणाचं न्हाय केलं, दुखवटा म्हणून. शेजारून आलं, ते पोरांना वाटलं.

काल जे झालं ते सांगतो आणि मग एक काम सांगतो.

काल काकी बांधायला बसली. मी होतो, उन्नती होती. काका पडवीतल्या खुर्चीवर, दारातून आत बघत होते, रोज बघतात, बघत न्हाय असं दाखवतात. काकीच्या खांद्याची सूज वाढलीय. मध्येच बाहेरून शेजारच्या गुणाबाईनं हाक मारली, कशाला तरी, कुणाच्या पोराला विंचू चावला बोलत होती. काकी उठायला गेली. खोली हातात. आता खोली ठेवायची कुठं? खाली ठेवणार न्हाय, मला देणार न्हाय, मी खोटं पान आणलेला माणूस. उन्नती ब्लॉकच्या ढिगात बसलेली.

काका उठले. गुडघा धरून, एक पाय ओढत आत आले, आणि हात पुढं केला.

काकीनं त्यांच्याकडं बघितलं. मग खोली त्यांच्या हातात दिली आणि बाहेर गेली.

मला वाटलं आता टाकतील. बाहेर फेकतील. काका खाली बसले. त्यांना खाली बसता येत न्हाय तुला माहीत हाय, भिंतीला धरून, एक पाय सरळ ठेवून बसले. आणि खोली वर धरली. चित्रात बघितलं, जराशी अजून वर केली. उन्नती रडायला लागली तर तिला बोलले, "लाव. थांबलीस कशाला?"

उन्नतीनं ब्लॉक लावायला सुरुवात केली. काकी परत आली, दारात थांबली, पण खोली मागितली न्हाय. बाजूला बसून तीच ब्लॉक देत होती. दोन माणसांनी मिळून घर केलं आणि तिसऱ्यानं वर खोली धरली. खोलीच्या खिडकीतनं काका आत बघत होते, कप हलतो का ते. एकदा बोटानं तो नीट केला.

शेवटचं पान झालं. मध्ये जागा तशीच. सगळे त्या जागेकडं बघत राहिले. काकी हळूच बोलली, "जिना त्यानं ठेवलाच नाय."

काका बोलले, "त्यानं कसा ठेवावा? त्याची खोली नाय ना ती."

रात्रीचं जेवून मी निघालो तर काका अंगणात माझ्या मागून आले. चप्पल शोधत होते, चप्पल पायातच होती. मला वाटलं खोट्या पानाचं समजलं, आता पडणार मला. तसं न्हाय. चुन्याच्या आखणीजवळ जाऊन उभे राहिले. माझ्याकडं न बघता बोलले, "तू लिवतोस ना त्याला?"

मी हो बोललो. उन्नती बोलली असेल.

"मंग ईचार. जिना आतून पायजे का बाहेरून." मग बोलले, "त्याला सांग मिस्त्रीनं ईचारलाय. माजा नाव घेव नको."

मी बोललो, काका, आतून असेल तर तो तुमच्या समोरून जाईल रोज. तुम्हाला चालेल? असं विचारायला नको होतं, पण मी असाच हाय.

ते चुन्याच्या रेषेवरून पाय न लावता पलीकडं गेले. बोलले, "बाहेरून असला तरी चालल. येव दे."

तर दादा, हे काम. पाडव्याच्या आधी चंद्रा मिस्त्रीला सांगायचंय. आतून का बाहेरून. तू पत्र लिहिणार न्हायस हे मला आता समजलंय, म्हणून सोपं करतो. खाली उन्नतीच्या मोबाईलचा नंबर लिहिलाय. एक मिस कॉल दिलास तर आतून. दोन दिलेस तर बाहेरून. बोलायचं न्हाय, कोण उचलणार न्हाय, तिला सांगून ठेवलंय. काका रोज संध्याकाळी बसणार हायत हात वर धरून, आज पण बसलेत, मला इथून दिसतंय. आज काकी आणि ते पाळी पाळीनं धरतायत.

मिस कॉल आला की मी जिन्याचं पान पाडेन. बुटक्या पायऱ्यांचं. काकीला सांगेन, हे पान भावेशचं न्हाय, कुणालचं हाय. ती लावेल.

आणि काकांनी काय विचारलं त्याचा तू घरात कधी शब्द काढू नकोस. मिस्त्रीनं विचारलं, एवढंच. ते अंगणात आले होते, चुन्याच्या रेषेजवळ उभे होते, येव दे बोलले, हे तुला माहीत हाय असं त्यांना कळता कामा नये. कळलं तर ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसतील आणि उठणार न्हायत, मी ओळखतो तुमच्या घरातल्या माणसांना. येशील तेव्हा त्यांच्या समोर असाच सहज आल्यासारखा ये. काकीला पण सांगू नको. उन्नतीला पण न्हाय. आजपर्यंत माझ्या पोटात एक गोष्ट राहिली न्हाय, ही तुझ्याकडं ठेवली. हात जोडतो, कुणाला सांगू नको.

विठू